चौथ्या ओळीतला माणूस

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. आधी माझा फोटो मागितला, मग लेख. तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्याच जातकुळीतला आहे. म्हणाले, "पेंटर, तीस वर्षं धंदा केला, दोन-चार मजेशीर किस्से लिहा." किस्से लिहितो. पण त्यात एक दगड असा आहे की त्याच्यापायी हदगावकडच्या एका नऊ वर्षांच्या पोरीचं रक्त अडायची वेळ आली होती. तो दगड मी कोरला होता, कुणी सांगितलं नसताना. तेवढं सांगून टाकलं की मग बाकीचं हसण्यावारी नेलं तरी माझी हरकत नाही.

मी नांदेडचा. धंदा दगडावर नावं कोरायचा. सुरुवात पत्र्याच्या पाट्या रंगवून झाली म्हणून गावभर 'पेंटर' हेच नाव पडलं. पुढं ग्रॅनाइट आलं, ब्रश सुटला, नाव सुटलं नाही. तुम्ही आमच्याकडं कुठंही जा. बाकडं दिसलं तर त्याच्या पाठीवर कुणाचं तरी नाव, पाण्याचा कूलर दिसला तर त्याच्या पोटावर, आणि वर पाहिलं तर पंख्याच्या पात्यांवर. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, म्हणून एका देणगीदारानं देवळाच्या पुजाऱ्याला आरतीच्या वेळी पंखा बंद ठेवायला लावला होता. माणसं घामानं न्हाऊन निघाली, पण नाव सगळ्यांनी वाचलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दगडावर कोरायचं म्हणजे लई कलाकुसर. तसं काही राहिलेलं नाही. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, मशीननं रबराच्या स्टिकरवर कापून घ्यायची, स्टिकर दगडाला चिकटवायचा आणि वरून वाळूचा जोरात फवारा मारायचा. जिथं स्टिकर नाही तिथं दगड खरवडतो. मग त्यात सोनेरी रंग भरायचा. खोली म्हणाल तर नखाएवढी. एक गोष्ट मात्र मी शेवटपर्यंत हातानं केली. प्रत्येक दगडाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, माझ्या दुकानाचा मोबाईल नंबर. तो मी छन्नी-हातोडा घेऊन कोरायचो, आणि बाकीच्या मजकुरापेक्षा दुपटीनं खोल. वरच्या पुढाऱ्याचं नाव ऊन-पावसानं गेलं तरी चालेल, नंबर राहिला पाहिजे, असा माझा हिशेब होता.

खरं कसब अक्षरांत नाही, उतरंडीत आहे. 'यांच्या शुभहस्ते' म्हणजे सगळ्यात मोठं. त्याखाली 'प्रमुख उपस्थिती', त्याखाली 'विशेष सहकार्य', आणि सगळ्यात खाली, अगदी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात, काम काय केलंय ते. एक माजी सभापती दुकानात शिंप्याची टेप घेऊन आले होते. स्वतःच्या नावाचा 'मा' आणि विरोधकाच्या नावाचा 'मा' दोन्ही मोजले. दोन सुताचा फरक निघाला. मी म्हणालो, "साहेब, तुमचं नाव लांब हाय, म्हणून अक्षर बसवावं लागलं." ते म्हणाले, "मग दगड लांब घे." तो रस्त्याच्या भूमिपूजनाचा दगड होता. दगड लांब झाला. रस्ता अजून झालेला नाही, पण दगडाभोवती लोकांनी चांगला पार बांधलाय, म्हातारी माणसं तिथं संध्याकाळी बसतात.

दुसरा एक गडी स्मशानभूमीत बाकडं द्यायचं म्हणून आला. मजकूर लिहून आणला होता, वडिलांच्या स्मरणार्थ. मी नेहमीसारखं विचारलं, "तारीख कोणती टाकू?" तर म्हणाला, "जागा सोडून ठेवा. म्हातारा बाहेर ऑटोत बसलाय. बाकडं कसं दिसतं ते त्यानला बघायचं हाय." मी बाहेर जाऊन पाहिलं. खरंच बसला होता. मला हात करून म्हणाला, "पेंटर, अक्षर जरा ठळक काढ, मला चष्म्याबिगर दिसंना." मी ठळक काढलं. म्हातारा पुढं सहा वर्षं जगला आणि अधूनमधून स्वतःच्या बाकड्यावर बसून येत होता.

अशी माणसं पाहून पाहून माझी एक खात्री झाली होती. जगात कुणी फुकट काही देत नाही. पैसा नाही मागितला तर नाव मागतो, नाव नाही मागितलं तर फोटो मागतो. मी त्यावर तीस वर्षं पोट भरलं, तर मला त्यात वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

मग माझी लेक रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

बाळ झालं, चांगलं झालं, पण रेखाचा रक्तस्राव थांबेना. सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ओ निगेटिव्ह रक्त लागेल, शिल्लक पिशवी एकच आहे, आणखी दोन तरी पाहिजेत. हा गट शंभरात दोघा-तिघांचा, असं त्यांनीच सांगितलं. माझा बी पॉझिटिव्ह, तिच्या आईचा ए पॉझिटिव्ह, जावयाचाही जुळत नव्हता. माझी बायको मंदा व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली ती उठलीच नाही. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्याच वर्षी मी एका मंडळासाठी 'रक्तवीर' म्हणून सहा फुटी दगड कोरला होता. प्रत्येक नावापुढं गट कोरला होता. त्यात तीन ओ निगेटिव्ह होते, आणि तिघांचे नंबर माझ्या मोबाईलात होते. बिल त्यांनीच दिलं होतं ना.

पहिल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पेंटर, मी लग्नात हाय, पंगत बसून राहिली. संध्याकाळी बगू." दुसऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिबिर हाय का? का नुसतंच द्यायचं हाय?" मी म्हणालो, "नुसतंच." तो म्हणाला, साहेबांचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा तो देतच असतो, आत्ता दिलं तर तेव्हा देता यायचं नाही. तिसरं पोरगं प्रामाणिक निघालं. म्हणालं, "मामा, खोटं कशाला बोलू. मी एकदा पण दिलं न्हाई. पप्पांनी नाव घालायला लावलं. मला सुईचं लई भ्या वाटतंय." मला त्याचा राग नाही आला. सुईचं भ्या मलाही होतं, त्याबद्दल पुढं सांगतोच.

रक्तपेढीत जोंधळे मॅडम म्हणून बाई होत्या. चाळिशीच्या, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. त्यांनी माझं फोनवरचं गयावया करणं ऐकलं होतं. स्वतःच्या टेबलाच्या खणातून एक मळकी वही काढली आणि एक नंबर फिरवला. दोनच वाक्यं बोलल्या. "पिशवी लागतेय. बाळंतीण आहे." एवढंच. पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "लातूरहून निघालेत. दोनपर्यंत येतील. दुसऱ्या पिशवीचं मी बघते, तुम्ही फोन ठेवा आता."

तो पावणेदोनला आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा बारका माणूस, पायात साधी चप्पल, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. नखांत पांढरी पूड बसलेली. त्यानं कुणाकडं बघितलं नाही, मॅडमना म्हणाला, "कुठं पडू?" झोपला, रक्त दिलं, चहा प्याला, बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकला. मी हात जोडून पुढं झालो. माझ्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीनं पहिला प्रश्न तोच आला. "आपलं शुभनाव?"

त्यानं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "पोरगी बरी होऊ द्या," म्हणाला. "अडीचची बस हाय." आणि गेला.

संध्याकाळपर्यंत तपासण्या होऊन रक्त चढलं, दुसरी पिशवी परभणीहून आली, आणि तिसऱ्या दिवशी रेखा उठून बाळाला पाजायला बसली. मंदा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. मीही रडलो, संडासात जाऊन, कारण सासऱ्यानं जावयासमोर रडायची आमच्यात पद्धत नाही.

पण घरी आल्यावर मला चैन पडेना. माणूस लातूरहून आला, माझी लेक वाचवून गेला, आणि नाव सांगितलं नाही. माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक कधी बसलंच नव्हतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. नियम आहे. आणि नियम नसता तरी तुम्हाला नसतं सांगितलं." म्हणून मी स्वतःच शोध लावायचं ठरवलं. त्याच्या पिशवीतून छन्नीचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलं होतं. दगडाचं काम करणारा माणूस दगडवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. पण ती छन्नी आमच्यातली नव्हती, चपट्या तोंडाची, दोन्ही बाजूंनी धार. ती टाकी होती. पिठाच्या गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की पीठ जाडं येतं. मग त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे टोचून टोचून पुन्हा खरबरीत करावा लागतो. हे काम करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. मी लोह्याच्या गिरणीवाल्याला विचारलं, तो माझा लांबचा मेव्हणा लागतो. तो म्हणाला, "लातूरचा व्यंकट. दर दोन महिन्याला येतोय. का हो दाजी, काय झालं?"

मला नाव मिळालं. आता नाव मिळालं म्हटल्यावर पेंटर गप्प बसणार आहे का.

नातवाच्या बारशाच्या निमित्तानं मी रक्तपेढीच्या व्हरांड्यात बसायला ग्रॅनाइटचं बाकडं द्यायचं ठरवलं. पाठीच्या फरशीवर मजकूर एकाच ओळीचा होता. 'लातूरचे रक्तदाते व्यंकट टाकीवाले यांच्या उपकाराची आठवण.' खरं सांगतो, मनापासून लिहिला होता. पण बाकडं ठेवायला परवानगी लागते, परवानगीसाठी ओळख लागते, आणि ओळख म्हणजे आमच्या वॉर्डातले अध्यक्ष. ते कसले अध्यक्ष ते विचारू नका, गेली वीस वर्षं मी त्यांना अध्यक्षच कोरतोय. ते म्हणाले, "परवानगी आणतो. उद्घाटन माझ्या हातून ठेव." म्हणजे पहिली ओळ त्यांची झाली. मग त्यांनी 'प्रमुख उपस्थिती' म्हणून चार नावं पाठवली. मग 'विशेष सहकार्य' आलं. या सगळ्यात तीन महिने गेले. मी मुकाट्यानं स्टिकर पुन्हा कापला. उतरंड मला कुणी शिकवायला नको होती. व्यंकटचं नाव चौथ्या ओळीत गेलं, मुंगीच्या पायांत. आणि उजव्या कोपऱ्यात मी स्वतः छन्नी घेऊन माझा नंबर कोरला, नेहमीसारखा, दुपटीनं खोल. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

व्यंकटला लोह्याच्या मेव्हण्याकडून निरोप पाठवला होता. तो आला नाही. त्याच्यासाठी आणलेली शाल हातात घेऊन मी उभा होतो, तर अध्यक्षांनी मान पुढं केली. मग ती त्यांनाच घातली. जोंधळे मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांच्या माणसांनी फोटो काढले, दगडाचाही काढला, आणि दिवसभरात ते फोटो मोबाईल-मोबाईल फिरत लातूरला पोचले.

पंधरा दिवसांनी सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "पेंटर, झालं का समाधान?"

मी म्हणालो, "काय झालं मॅडम?"

"त्या माणसानं फोन बंद करून ठेवलाय. एकदा उचलला तर म्हणाला, 'मॅडम, आता मला जमणार न्हाई, घरी लई झालंय.' हदगावकडची एक पोरगी आहे, नऊ वर्षांची. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी चढवावं लागतं. ओ निगेटिव्ह. एका माणसाला तीन महिन्यांतून एकदाच देता येतं, म्हणून मी पाच जण धरून ठेवलेत, आळीपाळीनं. चार वर्षं झाली. एकाचंही नाव कुणाला माहीत नाही, म्हणून ते टिकलेत. गुरुवारी ती येणार, आणि ही पाळी त्यांची. आता मी तिला काय तुमचा दगड चढवू?"

मी फोन ठेवला. मंदा समोर नातवाला तेल लावत होती. तिला सांगितलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपली वाचली म्हणून दुसऱ्याची मारायची का? उठा. लातूरला जावा." मी तसाच निघालो.

व्यंकटचं घर शोधायला वेळ लागला नाही, गिरणीवाल्यांनी बोट धरून नेलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत त्याची बायको सुमनबाई सुपात तूर पाखडत बसली होती. व्यंकट कोपऱ्यात मांडीवर टाकी घेऊन बसला होता, धार लावल्यासारखं करून राहिला होता, पण धार काही लागत नव्हती. मी कोण ते सांगितलं. सुमनबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुमीच का ते दगडवाले," ती म्हणाली. "या. बसा. पाणी देते, मग बोलते."

पाणी दिलं. मग बोलली. आठ वर्षांमागं व्यंकटनं पहिल्यांदा रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गिरणीवर गेला, चक्कर आली आणि टाकी हातात घुसली. दीड महिना घरी बसला. तेव्हा तिनं त्याला लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा रक्त द्यायचं नाही. त्यानं शपथ घेतली, आणि दर तीन महिन्यांनी नांदेडला जायला लागला.

"मला म्हणायचे, टाक्यांना धार लावायला चाललो. मी म्हणायची, लातुरातले लोहार मेले का? तर म्हणायचे, नांदेडच्या लोहाराचा हात चांगला हाय." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आठ वर्षं. शेजारची बाई मोबाईल घेऊन आली न् म्हणाली, सुमन, तुझ्या मालकाचं नाव दगडावर आलं. मला वाटलं मेले का काय. दगडावर नाव कुणाचं येतंय हो? मी खाली बसले बगा."

व्यंकट खाली मान घालून म्हणाला, "पोराला काय झालं का? न्हाई झालं. मग शपथ लागली न्हाई समज."

"गप बसा," ती म्हणाली. तो पुन्हा टाकीला धार लावायला लागला.

मी सगळं सांगितलं. रेखाचं सांगितलं, हदगावच्या पोरीचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. चूक माझी आहे, मी पाया पडतो, असंही म्हणालो. सुमनबाईनं सगळं ऐकलं. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "तुमी किती वेळा दिलं?"

"काय?"

"रक्त. तुमच्या लेकीला माझ्या मालकाचं चाललं. तुमी आजवर किती वेळा दिलं?"

आता बघा. 'रक्तदान हेच जीवनदान' हा मजकूर मी आयुष्यात किती दगडांवर कोरला असेल त्याला गणती नाही. त्यातला 'दा' तर डोळे मिटून कोरता येईल. रक्त एकदाही दिलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरची सुई पाहून मी खुर्चीतून पळून आलेला माणूस आहे. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना. "एकदा पण न्हाई, बाई," मी म्हणालो.

"मग बुधवारी मी येते ह्यांच्यासंगं नांदेडला," ती म्हणाली. "आधी तुमी पडा त्या खाटंवर. मी बगते माणसाला काय होतंय ते. तुमी धड उठलात तर ह्यांना झोपू देते. न्हाई उठलात तर आमी परत जातो."

व्यंकटनं पहिल्यांदाच हसून माझ्याकडं पाहिलं.

मंगळवारभर मी मनातल्या मनात माझे सगळे आजार आठवून पाहिले. साखर नाही, बीपी नाही, वजन भरपूर, वय सत्तावन्न. एखादा तरी आजार उपयोगाला यावा, तर एकही कामाचा निघेना. बुधवारी रक्तपेढीत बोट टोचलं तर हिमोग्लोबिन असं निघालं की जोंधळे मॅडम म्हणाल्या, "अरे वा, पेंटर, इतकी वर्षं साठवून ठेवलं होतं की." माझ्या रक्ताचा त्या पोरीला काडीचा उपयोग नव्हता, गटच वेगळा. पण अट ती अट. सुमनबाई माझ्या डोक्याशी स्टूल घेऊन बसली. सुई आली तेव्हा मी डोळे मिटले आणि मंदाचं नाव घेतलं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

"अंग सैल सोडा," सुमनबाईचा आवाज आला. "असं काय करून राहिले? काही मरत न्हाई माणूस. आमचे हे मेले का आठ वर्षांत?"

हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि ती स्वतःच थांबली. मी डोळे उघडले. पलीकडच्या खाटेजवळ व्यंकट बाही वर करून उभा होता, परवानगीची वाट बघत. तिनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्या नळीतून जाणाऱ्या रक्ताकडं पाहिलं, आणि हातानंच खूण केली, झोपा. तो झोपल्यावर तिनं उठून त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. घरून बांधून आणला होता. म्हणजे लातूरहून निघतानाच तिचा निर्णय झालेला होता, मला उगाच टोचलं.

मग ती बाहेर व्हरांड्यात दगड बघायला गेली. बोट ठेवून वाचत होती. पहिल्या ओळीवर बोट, "हे कोण?" मी सांगितलं, अध्यक्ष. "ह्यांनी रक्त दिलं?" नाही. "हे चौघं?" नाही, ते उपस्थित होते. बोट खाली खाली येत चौथ्या ओळीवर थांबलं. तिला डोळे बारीक करावे लागले.

"एवढुशा नावासाठी मी चार दिवस चूल पेटवली न्हाई," ती म्हणाली. "काढून टाका हे."

मी म्हणालो, "बाई, ग्रॅनाइटवरचं नाव पुसता येत नाही." आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते अध्यक्षांचं काय होईल हे. सवय म्हणजे सवय. तोवर व्यंकट हाताला कापूस लावून बाहेर आला. दगडावरून हात फिरवला, जसा गिरणीच्या दगडावरून फिरवत असेल. "पुसायला कशाला लागतंय," म्हणाला. "टाकी लावू."

त्या दिवशी मी त्याला हात लावू दिला नाही, रक्त दिलेल्या दिवशी छन्नी नको म्हणून सुमनबाईनंही दटावलं. पुढच्या रविवारी तो आला. पाठीची फरशी आम्ही दोघांनी उतरवली. तो उकिडवा बसला आणि ठक ठक ठक सुरू झालं. अध्यक्ष गेले, उपस्थित गेले, सहकार्य गेलं, माझा मनापासूनचा मजकूर गेला. काळीभोर आरशासारखी फरशी तासाभरात करडी, खरबरीत झाली. मी आयुष्यभर दगड गुळगुळीत करून त्यावर नावं घातली, आणि हा माणूस आयुष्यभर गुळगुळीत दगड खरबरीत करून लोकांना पीठ देत होता. मला त्याच्याशेजारी बसायला जरा अवघडल्यासारखं झालं.

कोपऱ्यातल्या नंबरापाशी तो थांबला. बोटानं खोली पाहिली. "हे लई खोल हाय हो. हे घालवायचं तर अर्धा दगड उतरवावा लागंल. कुणी कोरलं?"

मी म्हणालो, "मी."

"राहू द्या मग," तो म्हणाला.

रक्तपेढीच्या दारात मोझॅकची पायरी होती, पावसाळ्यात तिच्यावरून माणसं घसरायची. तिथं ती फरशी आम्ही बसवली. आता पाय धरतो. दोन महिन्यांनी अध्यक्ष नव्या फ्रिजच्या उद्घाटनाला आले, स्वतःच्या नावावर पाय देऊन आत गेले, फीत कापली, पुन्हा नावावर पाय देऊन बाहेर आले. बाकड्याची पाठ कुठं गेली हे त्यांनी विचारलं नाही. मी उत्तर तयार करून उभा होतो ते फुकट गेलं.

हदगावची पोरगी त्या गुरुवारी वेळेवर आली, वेळेवर रक्त चढलं, आणि अजूनही येते. मी तिला लांबून पाहिलंय, बोललो नाही. दर तीन महिन्यांनी मीही जाऊन पडतो. डोळे अजून मिटूनच.

आणि नाव आता तुमच्या लक्षात राहिलं असेल म्हणून सांगतो, व्यंकट हे त्याचं नाव नाही. सुमनही नाही. ते टाकीच लावतात की दुसरं काही, ते लातूरला राहतात की आणखी कुठं, याचीही खात्री धरू नका. एवढं तरी मी शिकलो. माझा फोटोही संपादकांना पाठवलेला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात राहिली नाही. रक्तपेढीच्या बाहेर माणसं बसतात ती त्या पायरीवरच. काळजीतला माणूस समोर बघत नाही, खाली बघतो. खाली खरबरीत दगडात एकच गोष्ट वाचता येते, कोपऱ्यातला दहा आकडी नंबर. ना नाव, ना गाव. लोकांना वाटतं, दारातच कोरून ठेवलाय म्हणजे रक्ताचाच असणार. दुकान मी पुतण्याला देऊन टाकलं, पण नंबर माझ्याकडंच राहिला, आणि आता तो दिवसातून दोन-तीनदा वाजतो. मी सुरुवातीला सांगून पाहिलं, बाबा, हे दगडाचं दुकान आहे. पलीकडून बाई रडायला लागली. तेव्हापासून सांगणं सोडलं. मॅडमसारखी एक वही मीही केली आहे, माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावतो, शिव्या घालतो, दहातला एखादा येतो. ते सुईला भिणारं रक्तवीर पोरगं दोनदा येऊन गेलं. आम्ही शेजारी-शेजारी डोळे मिटून पडलो होतो.

हा लेख लिहितानाही फोन आला. माणूस लोह्याकडचा होता. "हॅलो, रक्त मिळंल का? बायको आत हाय. आपण कोण बोलताय, साहेब? आपलं नाव?"

नाव माझ्या ओठांवर आलं होतं, तीस वर्षांची सवय.

"ते राहू द्या," मी म्हणालो. "गट सांगा."